अंगणातली होडी

होडीच्या बुडाला तिसरा हात मारून झाला, तेव्हा मगन रिक्षावाला बोळातून अंग आक्रसत आत आला आणि म्हणाला, "नाना, बठ्ठा गाव इचारी ऱ्हायना. हाई बाहेर कशी काढशात?"

कौतिकनानांनी ब्रश टर्पेंटाइनच्या डब्यात बुडवला. "पहिले रंग तर वाळू दे."

"धरणगावमा होडी! नदी कोठे, आपण कोठे!"

"नदीले काय घाई शे?"

प्रश्न मात्र खरा होता. नानांचं उभं आयुष्य दारं-खिडक्या करण्यात गेलेलं. होडी ही पहिलीच, तीही मोबाइलवर कोकणातल्या कुणाचे व्हिडिओ बघून केलेली. चौदा फूट लांब, पावणेपाच फूट रुंद. दोन वर्षं ती अंगणात एका जाडजूड सागवानी चौकटीवर चढवून ठेवली होती. आणि अंगणातून बाहेर पडायला वाट एकच, बाजूचा बोळ. त्यातून शेळीही अंग चोरून जाई.

समोर भिंत होती. घेवरचंद शेठची. नानांचं अंगण आणि रस्ता यांच्यामधली चार हात पट्टी कागदोपत्री शेठचीच, त्यामुळे नऊ वर्षांपूर्वी भिंत उठली तेव्हा नाना भांडले नाहीत. तेव्हापासून घर बोळातून चालू लागलं. बोळात गटार, गटारावर हलती फरशी, पुढं पाच पायऱ्या. नानांच्या बायकोचे, दगडीबाईंचे गुडघे गेले आणि त्यांचं बाहेर पडणंच संपलं. गेल्या दिवाळीनंतर त्यांनी रस्ता पाहिला नव्हता.

"होडी व्हई जाऊ दे," नाना रोज म्हणत, "तुले बाहेर काढसू."

"लोके बायकोले रिक्षामा बसाडतस," दगडीबाई सुपातली डाळ पाखडत म्हणत, "हाऊ माले होडीमा बसाडी ऱ्हायना."

सामान कोपऱ्यावरच्या शेठच्याच हार्डवेअरच्या दुकानातून येई. भेगा बुजवायची लांबी, प्रायमर, पॉलिश पेपर, निळा ऑइलपेंट. एकदा नानांनी सहा मोठ्या बिजागऱ्या मागितल्या.

"होडीला बिजागऱ्या?" शेठनी चष्मा कपाळावर चढवला.

"वल्ही ठेवायची पेटी करतोय."

"बरं, पाण्यात हा रंग टिकतो किती?"

"एक साल. उन्हाळ्यात नदी आटली की होडी घरी आणायची, खरवडायची, वाळवायची, पुन्हा रंगवायची. एक साल चुकलं की लाकूड गेलं."

शेठनी मान डोलावली. त्यांना त्यातलं काहीच करायचं नव्हतं.

भादव्यात नानांनी होडीच्या कुशीवर पिवळी अक्षरं काढली, लाल सावली देऊन: मातोश्री गुलाबबाई. बाहेरून ती एकाच ठिकाणाहून दिसत. शेठच्या गच्चीवरून.

शेठना आपल्या आईचं नाव लावायचा नाद होता. स्टँडवरचे बाक, पाणपोई, स्मशानातली शेड, सगळीकडे मातोश्री गुलाबबाई. पण ती नावं त्यांची त्यांनीच घातलेली. दुसऱ्या कुणी आपण होऊन घातलेलं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. पायजमा वर धरून ते बोळातून अंगणात आले. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

"नाना, हे तुम्ही..."

"गुलाबमाय रोज दुपारी इथं यायच्या. त्या आणि आमची ही, दोघी रस्त्याकडं तोंड करून डाळ निवडायच्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारायच्या."

शेठचं बोट अक्षरांकडे गेलं.

"हात नका लावा. रंग ओला शे."

"दसऱ्याला गिरणा नदीत सोडू," शेठ गहिवरून म्हणाले. "बँड माझा, पेढे माझे."

"सोडू की. फक्त दोन तुकडे करावे लागतील."

"कशाचे?"

नानांनी कानावरची पेन्सिल काढली आणि नावाच्या मधोमध हवेत उभी रेघ ओढली. "कुशीवर कलती केली तरी बोळातून अख्खी वळत नाही. गुलाब इकडं, बाई तिकडं. नदीवर नेऊन परत जोडू."

"आईच्या नावावर करवत?"

"क्रेननं उचलली असती. पण वर तारा आहेत."

शेठनी तारांकडे पाहिलं. मग बोळाकडे. मग बराच वेळ भिंतीकडे.

"किती पाडावी लागेल?"

"सहा फूट," नाना म्हणाले. त्यांनी टेप खिशातून काढलाही नाही.

दसऱ्याच्या सकाळी पहिला घण शेठनी स्वतः घातला. बँड वाजला, होडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढली. मगन कोपऱ्यातल्या दोन भल्यामोठ्या निळ्या फळ्या उचलायला गेला.

"ह्या तळमा टाकाना शेत ना? इतल्या जाड! हत्ती बसाडशात का, नाना?"

"ऱ्हाऊ दे त्या. ओल्या शेत. तुम्ही चला, मी मागून आणस."

दगडीबाईंना सगळ्यांनी आग्रह केला. त्या म्हणाल्या, "माले पानीनी भीती वाटस," आणि जागच्या हलल्या नाहीत.

गिरणेत होडी बदकासारखी तरंगली. शेठनी माइक हातात घेतला. "अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला लेक माहेरी येते, तशी ही होडी दर आखाजीला कौतिकनानांच्या अंगणात येईल आणि रंग लावून परत जाईल. मी आहे तोवर तिची वाट कुणी अडवणार नाही. हा घेवरचंदचा शब्द आहे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. नाना काही आले नाहीत. दोन वर्षं खपून होडी केली आणि तरंगताना पाहिली नाही, याचं मगनला फार वाईट वाटलं.

दिवस कलताना शेठ पेढ्यांचा पुडा घेऊन परतले आणि रस्त्यातच थबकले.

भिंतीच्या खिंडारात ती सागवानी चौकट उभी होती. दोन्ही निळ्या फळ्या सहा बिजागऱ्यांवर तिच्यात बसल्या होत्या. वर झेंडूचं तोरण. आणि दाराबाहेर, रस्त्याला लागून टाकलेल्या खाटेवर, दगडीबाई सूप मांडीवर घेऊन येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारत होत्या.

शेठचा हात आपसूक कवाडाकडे गेला.

"शेठ," दगडीबाई डाळीतला खडा वेचून रस्त्यावर टाकत म्हणाल्या, "हात नका लावा. रंग ओला शे."