चटणीची फळी

फळी पुन्हा वर गेली होती. विजयमालाबाई चवड्यांवर उभ्या राहिल्या, तरी चटणीच्या बरणीला नुसती बोटं लागली. बरणी मागं सरकली आणि बाईंचं डोकं तडकलं.

"अंकिता! मला चटणी घावू नये म्हणून फळी वर चढवलीस व्हय गं?"

"न्हाई, आत्या," एवढंच बोलून सून भाकरी थापत राहिली.

डॉक्टरीणबाईंनी बीपीसाठी मीठ-चटणी कमी करायला सांगितली होती, तेव्हा सुनेचा कावा उघडच होता. त्याच तिरमिरीत बाईंनी मुलाला, वीरधवलला, बजावलं: दसऱ्याच्या आत वेगळी चूल मांडा. बोलून गेल्यावर वाटलं, जरा जास्तच झालं. पण माघार घ्यायची सवय त्यांना लग्नापासूनच नव्हती. डोकं गरगरायला लागलं, तसं त्यांच्या नवऱ्यानं, रिटायर सुभेदारांनी, त्यांना गाडीवर बसवून फलटणला दवाखान्यात नेलं.

बीपी भडकलेलं होतं. "सुनेमुळं," बाईंनी निदानही सांगून टाकलं. गोळ्या आपण आठवण झाली तरच घेतो, हे मात्र गिळलं.

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "बाक आलाय, काकू. आधी उंची किती होती?"

"ह्यांच्यापेक्षा दोन बोटं जास्त!" लग्नात हार घालताना सुभेदारांना टाचा वर कराव्या लागल्या, हा किस्सा बाईंनी उभ्या गावाला ऐकवला होता. तो इथंही झाला.

डॉक्टरीणबाईंनी दोघांना आरशासमोर शेजारी-शेजारी उभं केलं. बाईंचं डोकं सुभेदारांच्या कानाशी संपत होतं.

"आवं, तुमी कवा वाढला?"

"या वयात कुणी वाढत नाही," डॉक्टरीणबाई हसल्या. "तुम्ही कमी झालात. पाळी गेल्यावर बायकांची हाडं आधीच ठिसूळ होतात. त्यात बीपी चढलेलं राहिलं की लघवीवाटे कॅल्शियमही जास्त जाऊ शकतं. मणके दबलेत का, ते तपासू. गोळी मात्र रोज घ्यायची."

सुभेदार परेडला निघाल्यासारखे बाहेर आले. गाडीवर मागं बसून बाईंनी मनातल्या मनात स्वतःच्याच दोन थोबाडीत दिल्या. माणूस खुजं झालं तर झालं, पण अक्कलही त्याच मापानं आटावी? फळी होती तिथंच होती, आणि आपण सोन्यासारख्या पोरीचं बिऱ्हाड उठवायला निघालो होतो! त्यांना स्वतःची लय लाज वाटली.

घरात शिरताच त्या थेट स्वयंपाकघरात गेल्या.

"अंकिता, माझं चुकलं बाय. कुटं जायचं न्हाई तुमी. फळी हलली न्हाई, मीच खाली आले."

अंकिता घुटमळली. मग तिनं फळीच्या वर टांगलेलं यमाईचं कॅलेंडर बाजूला केलं. मागं भिंतीत बुजवलेली भोकं होती. एकाखाली एक, दोन जोड्या.

"हलली व्हती, आत्या. दोनदा खाली घेतलीया. तुमाला कळलं तर बीपी वाढंल, म्हणून बोलले न्हाई."