परमुलखातली हाक

मोखाड्याहून निघालेली आमच्या बचत गटाची सहल, नवऱ्यांसकट, सीमेवरची कमान ओलांडून नेपाळात शिरली आणि लगेच रखमीचा नवरा बाजारात हरवला. इकडचे फोन तिकडे बंद. जीपवाला त्याला सोडून निघायच्या गोष्टी करू लागला.

"आपल्या मोखाड्याची जीप असती तर भरेपर्यंत हलली नसती," रखमी रडवेली झाली. मग तिनं हाक मारली, "ओ रूपेशचे बाबा..."

"एवढ्या गर्दीत कसं कळेल त्यांना? नावानं हाक मार," मी म्हटलं.

"लग्न झाल्यापासून नाय घेतलं मी त्यांचं नाव."

"इथं कोण तुला ओळखतंय? परका देश हाय."

तिनं पदर तोंडाशी धरला, इकडंतिकडं पाहिलं आणि जीव एकवटून ओरडली, "पोश्या..."

अख्खा बाजार वळून बघायला लागला. आम्ही हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडलो. रखमीला भलताच चेव आला. "ए पोश्या... आरं पोश्या..."

किती हाकांनंतर कोण जाणे, शेजारच्याच दुकानातून डोक्यावर नेपाळी टोपी चढवलेला पोश्या बाहेर आला.

"इथंच होतात तर पहिल्या हाकेला का नाय आलात?" ती खेकसली.

तो टोपी नीट करत म्हणाला, "आलो असतो तर तू थांबली असतीस."