श्रवणाचा तास

"शाब्बास! आता पुन्हा सांग, जरा मोठ्यानं. साहेबांना ऐकू गेलं पाहिजे," बुद्धघोष गुरुजी म्हणाले.

चौथीतली मनिषा खाली बसायला वाकली होती, ती तशीच थांबली. तिनं गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी हसून मान हलवत होते.

साहेब म्हणजे केंद्रप्रमुख. मागच्या भिंतीशी खुर्ची टाकून बसलेले. लासुर्ण्यापासून फटफटी हाणत या वस्तीवरच्या शाळेत ते काही सहज आले नव्हते. कुणीतरी निनावी अर्ज केला होता, की इथल्या मास्तरांना ऐकू येत नाही. आणि अर्जात खोटं काहीच नव्हतं! दोन वर्षांपूर्वी गुरुजींचा डावा कान गेला, आणि यंदा, सत्त्याण्णवच्या दिवाळीनंतर उजवाही. यंत्राचासुद्धा उपयोग नाही, हे बारामतीच्या डॉक्टरांना कागदावर लिहूनच सांगावं लागलं. वय अवघं चाळीस. धर्मांतरानंतर घरात जन्मलेलं पहिलं पोर, म्हणून बापानं, गंगारामनं, हौसेनं बुद्धघोष नाव ठेवलेलं. घराण्यातला पहिला मास्तर. आणि ठार बहिऱ्या मास्तराला वर्गात कोण उभं राहू देईल? बायकोशिवाय कुणाला त्यांनी सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

झाकायची युक्ती मात्र नामी होती. नवा अभ्यासक्रम म्हणत होता, की ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं, चारही पोरांना आलं पाहिजे. गुरुजींनी चारही एका दावणीला बांधली. एकानं घरी ऐकलेलं उभं राहून जसंच्या तसं सांगायचं. बाकीच्यांनी ते ऐकून लिहायचं, वर्गात जे जे कानावर पडेल ते सगळं. मग वह्या बदलून एकमेकांचं वाचायचं. शेवटी वह्या गुरुजींकडे, आणि पोरं काय बोलली ते गुरुजींना कळायचं ते तेव्हा. तोवर नुसती ओठांवर नजर ठेवायची, मान हलवायची आणि वेळेवर 'शाब्बास' म्हणायचं. भिंतीलाही कान असतात म्हणतात. त्या वर्गात गुरुजींनाच तेवढे नव्हते. आणि गंमत बघा, पोरं खरंच तयार झाली! जी तोंड उघडत नव्हती ती घडाघडा बोलायला लागली. केंद्रात वस्तीच्या शाळेचं नाव झालं.

आज मनिषानं पहिल्यांदाच आपणहून हात वर केला होता. एरवी अबोल पोर. ती बोलायला लागली आणि साहेबांच्या कपाळाला आठी पडली. गुरुजींनी ती पाहिली मात्र, त्यांची पाचावर धारण बसली. पोरगी पुटपुटतेय, साहेबांना ऐकू जात नाहीये, असं ते धरून चालले. ज्याचं दुखणं त्याला तेच दिसणार! म्हणून तर ते म्हणाले, मोठ्यानं सांग.

मनिषानं पुन्हा सांगितलं. या खेपेला मानेच्या शिरा ताणून. तिची हनुवटी थरथरत होती. साहेबांना भ्याली असेल, गुरुजींना वाटलं. बत्तीस डोकी वह्यांवर वाकलेली, एक वर होईना. काय तल्लीन झालीत पोरं! गुरुजींना अगदी भरून आलं.

"छान! बस खाली," म्हणून ते साहेबांकडे वळले. साहेब उभे राहिले होते. त्यांचे ओठ हलले. गुरुजींनी हसून मान डोलावली आणि पुढच्या ओळीतल्या बिरूची वही उचलली.

"आज सकाळी आई चुलीपुढं चुलत्याला म्हणाली, ह्यास्नी दवाखान्यातनं घरी घिऊन या. डाक्टरनं हात टेकलं. मरायचं ते आपल्या घरात मरू द्या. आमचं तात्या आता जगत न्हाईत."

खाली पुन्हा तेच. अक्षर न् अक्षर तेच.

त्यांनी दुसरी वही उघडली. मग तिसरी. सगळ्या वह्यांत ते दोनदा होतं. पोरं शिकवल्याप्रमाणे वागली होती, कानावर पडलं ते सगळं लिहिलं होतं. कित्येकांनी तर मधे 'शाब्बास'सुद्धा लिहिलं होतं.

गुरुजींना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. साहेब अजून समोरच उभे होते. वेळ गेली नव्हती; पोरीचं नीट ऐकून घ्यायचं होतं म्हणून पुन्हा सांगायला लावलं, असं काहीतरी म्हणून सावरता आलं असतं. गुरुजी ओळींमधून चालत गेले आणि मनिषापुढं सतरंजीवर बसले.

"पोरी, मला ऐकू येत नाही," ते म्हणाले. आपला आवाज केवढा निघाला ते त्यांना कळलं नाही, पण सगळ्या माना एकदम वर झाल्या. "काहीच ऐकू येत नाही. तू काय सांगितलंस ते मला आत्ता वाचून कळलं. चुकलो गं बाई मी."

मनिषा रडत नव्हती.

"शाळा सुटली की मी तुझ्याबरोबर घरी येतो. आईशी बोलतो," गुरुजी म्हणाले.

तशी ती दचकली. तिनं त्यांचं मनगट घट्ट धरलं आणि भराभरा काहीतरी बोलत राहिली. मग तिच्या ध्यानात आलं. तिनं आपली कोरी वही पुढं ओढली, लिहिलं आणि त्यांच्या डोळ्यांपुढं धरली.

"आईला सांगू नका गुरुजी. मला काय ऐकू आलं न्हाय, असं वाटतंय तिला."