सव्वाआठचं मिनिट

तेवढा एक लेथ सोडला, तर भोसरीच्या त्या गल्लीत आवाज म्हणून नव्हता. प्रेस गप्प, ग्राइंडर गप्प. युनियनचे जुने कार्यकर्ते ज्योतीराम यांनी मोबाइलवर वेळ पाहिली. सकाळचे आठ वाजून पाच मिनिटं. दहा मिनिटांनी रेकॉर्डिंग करायचं, आणि हा एकटा पठ्ठ्या सगळ्यावर पाणी फिरवणार! त्यांचं डोकंच तापलं.

हिरोशिमावर बॉम्ब पडला तो सव्वाआठला. दर सहा ऑगस्टला त्याच वेळी पाच देशांतल्या कामगार संघटनांनी आपापली मशिनं मिनिटभर बंद ठेवायची, ती शांतता रेकॉर्ड करायची आणि 'अण्वस्त्रं नष्ट करा' या निवेदनाला जोडायची, असं ठरलं होतं. गेल्या वर्षी त्या निवेदनात भारताचा रकाना कोरा राहिला.

"इस बार खाली मत रखना, भाईसाब," कराचीच्या युनियनचे इक्बालभाई फोनवर म्हणाले होते. बायको गेल्यापासून ज्योतीरामांना आपणहून फोन करणारा तो एकच माणूस. त्याच्यापुढे पुन्हा खाली मान घालायची त्यांची तयारी नव्हती.

म्हणून महिनाभर ते गेटागेटावर पत्रकं वाटत फिरले. पोरं "हो काका, हो काका" म्हणायची आणि त्याच पत्रकावर वडापाव ठेवून खायची. तरीही निवेदनाच्या फॉर्ममधल्या 'बंद मशिनं' या रकान्यात ज्योतीरामांनी कालच ठसठशीत अक्षरात 'चारशे' लिहून टाकलं होतं.

ते तरातरा वर्कशॉपमध्ये शिरले. लेथवर भीमराज नावाचा तिशीचा कामगार एकटाच होता.

"भावा, सव्वाआठला एक मिनिट बंद ठेव."

"न्हाई जमायचं, काका. आज माल द्यायचाय. शेठ कॅमेऱ्यातून बघतोय."

"बाकी सगळं बंद आहे. तुझ्या एकट्यामुळं नासतंय."

भीमराज त्यांच्याकडे बघतच राहिला. मग पुन्हा कामाला लागला.

ज्योतीराम दारातच उभे राहिले. आयुष्यभर माणसं गोळा केली आणि आज एका माणसाला समजावता येईना, याचं त्यांना फार वाईट वाटलं. सव्वाआठ वाजले. त्यांनी नाइलाजानं रेकॉर्डिंगचं बटण दाबलं.

लेथ थांबला.

भीमराजनं हात पुसले, टोपी काढली आणि शेठच्या कॅमेऱ्यासमोर मान खाली घालून उभा राहिला. मिनिट संपलं तरी तो हलला नाही. शेठचा फोन वाजू लागला, तेव्हा कुठं त्यानं वर पाहिलं.

"पत्रक वाचलं हुतं तुमचं," तो म्हणाला. "कुणी बघायला येईल असं मातुर वाटलं नव्हतं."

बाहेर येऊन ज्योतीरामांनी फॉर्म काढला, 'चारशे' खोडलं, 'एक' लिहिलं आणि फोटो काढून इक्बालभाईंना पाठवून दिला.

गुरुवार होता. बाकीच्या मशिनांना साप्ताहिक सुट्टी होती.