सेगोचा वाटा

“आज तोंडाला कुलूप. एक शब्द जरी काढलास, तर उद्यापासून मक्याच्या शेतात माकडं हाकायला बसवीन,” इसूफोमामाने अतीजाला बजावलं. मग सईदकडे वळून म्हणाला, “तू आजोबांच्या मागे राहा. ते सांगतील तसं कर.”

सईद हा अतीजाचा थोरला मावसभाऊ. झाडावर सरसर चढणारा, मोठ्यांपुढे मान वर न करणारा, गुणी मुलगा. मोहोळं काढायला म्हाताऱ्या बलासानी आजोबांबरोबर त्यानेच जावं, असं साऱ्या गावाचं मत होतं. पण गेल्या हंगामात आजोबांनी एवढ्या नातवंडांतून नेमकी अतीजा उचलली. हिच्या तोंडाचा पट्टा झोपेतही थांबत नसे. “हिच्या बडबडीने मधमाश्या नदीपार पळतील,” असं बायका पाणवठ्यावर म्हणत. मामाने आज दोघांनाही पाठवलं होतं ते एवढ्याचसाठी. सईदला जमलं, की अतीजाचं रान सुटलं.

अतीजाला रान सोडायचं नव्हतं. शिवाय तिचं एक कोडं अजून सुटलेलं नव्हतं. बाकीच्या पोरींचे आजोबा शेकोटीशी बसून शहाणपणाच्या गोष्टी सांगत. तिचा आजोबा काही सांगतच नसे, नुसता विचारत राही. “अतीजे, सेगो काय म्हणतो गं? जवळून बोलतोय का लांबून? घाईत आहे का?”

सेगो म्हणजे मुठीएवढं करडं पाखरू. माणसाने साद घातली की येतं, या फांदीवरून त्या फांदीवर कलकलत पुढे जातं आणि थेट मोहोळापाशी नेऊन सोडतं. आजोबाचा जन्म त्याच्यामागे फिरण्यात गेलेला. तरी हे प्रश्न. एकदा ती वैतागून म्हणालीही होती, “तुला सगळं येतं ना? मग मला कशाला छळतोस?”

“छळल्याशिवाय शिकशील का तू?” म्हणून आजोबा हसला होता.

रानात शिरल्यावर आजोबाने साद घातली. “ब्र्रर्र... हुम्म!” थोडं चालून पुन्हा घातली. थोड्या वेळाने सेगो आलाच. डावीकडच्या झाडावर बसून त्याने कलकलाट मांडला. अतीजाच्या जिभेच्या टोकाशी शब्द आले आणि तिने ओठ घट्ट मिटले.

“काय म्हणतो रे?” आजोबाने मागे न बघता विचारलं.

सईदने मान खाली घातली. “तुम्हाला ठाऊकच आहे, आजोबा.”

आजोबा सरळ चालत राहिला. सेगो डावीकडे, आजोबा सरळ. हा काय नवा डाव? अतीजाला वाटलं, सईदची परीक्षा चाललीय. मनातून ती थोडी खूशही झाली. सईद मात्र आजोबाच्या पावलावर पाऊल टाकत मुकाट येत होता. सेगो मागे फिरला, त्यांच्यापुढे आला, पुन्हा डावीकडे उडाला. बिचाऱ्याचा घसा फुटायची वेळ आली.

शेवटी आजोबा थांबला. कुऱ्हाड खाली टेकून त्याने वर पाहिलं. सेगो त्याच्या डोक्यावरच्याच फांदीवर ओरडत होता आणि आजोबा भलत्याच झाडाकडे बघत होता.

“आज काही आला नाही तो,” आजोबा थकून म्हणाला. “चला घरी.”

अतीजाने सेगोकडे पाहिलं, मग आजोबाकडे. परीक्षा नव्हतीच. गेल्या हंगामापासून एकही दिवस नव्हती. आजोबा विचारत होता, कारण त्याला सेगोचा आवाज खरंच ऐकू येत नव्हता. तिला एकदम रडू आलं. मग मामा आठवला, माकडं आठवली, आणि तिने तोंड उघडलं.

“आजोबा, मी सांगू?” ती मोठ्याने म्हणाली. “सेगो नदीच्या अंगाला वळलाय. डावीकडे. जवळ आहे, आणि इतका घाईत आहे की तुझ्यासारखा म्हातारा त्याला कसला गाठतोय!”

“अगं, मामा काय म्हणाला?” सईद कुजबुजला.

आजोबाने कुऱ्हाड खांद्यावर टाकली. त्याचा चेहरा उजळला होता. “गाठतो की नाही बघ. आता काय म्हणतो?”

“थांबलाय. तुझी वाट बघतोय.”

“आणि आता?”

साऱ्या वाटेने हेच चाललं. सईद मागून दोघांकडे आळीपाळीने बघत होता. नदीकाठच्या पोकळ झाडापाशी सेगो गप्प झाला. सईद धुरासाठी पेटवलेली गवताची पेंडी घेऊन वर चढला आणि पोळी काढून खाली आला. ते काम त्याच्यासारखं कुणालाच जमलं नसतं. उतरल्या उतरल्या तो अतीजाच्या कानाशी म्हणाला, “माकडं मी हाकीन. मामाला मी सांगतो.”

आजोबाने हिरवी पानं अंथरली. मेणाने भरलेला पहिला तुकडा त्यावर सेगोसाठी ठेवला. मग मधाने ओथंबलेला दुसरा तुकडा अतीजाच्या तळहातावर ठेवला. हे नेहमीचंच होतं. धाकटी म्हणून आजोबा लाड करतो, असं ती समजत आली होती.

सईद चुळबुळला. “आजोबा, आधी तुम्ही घ्या ना. वडीलधारे तुम्ही.”

“छे रे,” आजोबा बोटं चाटायचंही टाळत म्हणाला, “वाट दाखवणाऱ्यांचं खाऊन होऊ दे आधी.”