दोघींची बोली

असाबेआचे हात झोपेत बोलू लागले, तेव्हा अनिमाला आधी वाटलं की म्हातारी माशी हाकलतेय.

भर दुपार होती. चटयांवर कोकोच्या बिया वाळत होत्या आणि अंगणभर त्यांचा आंबूस वास भरला होता. वाळवंटाकडून आलेला धुरळा इतका दाट उतरला होता की समोरची टेकडी नाहीशी झाली होती. सूर्यसुद्धा चंद्रासारखा फिकट, डोळे भरून बघता येईल असा. असाबेआ बाकावर आडवी झालेली. डोळे मिटलेले, आणि पोटावरचे दोन्ही हात सावकाश वर उठत होते.

अनिमा घाईने कॅमेऱ्याकडे वळली.

या गावात पिढ्यान्‌पिढ्या बहिरी माणसं जन्मत आली होती, त्यामुळे हातांची बोली सगळ्यांनाच यायची, ऐकू येणाऱ्यांनाही. अनिमा इथलीच. शहरातून भाषाशास्त्र शिकून परतल्यावर तिने आधी गावची तोंडी बोली जमवली, मग हातांची. उरली होती ती फक्त असाबेआ आणि तिची धाकटी बहीण ओफोरीवा यांची खास बोली. दोघी जन्मापासून बहिऱ्या. कोकोच्या मळ्यात राखण करताना दोघींनीच ती रचलेली, तिसऱ्या कुणाला न येणारी. गेल्या पावसाळ्यात ओफोरीवा गेली, आणि असाबेआने त्यातली एकही खूण पुन्हा केली नाही.

"कॅमेऱ्याला सांगा ना, आजी," अनिमा हातांनी विनवायची.

"कॅमेरा उत्तर देतो का?" असं हातांनीच विचारून म्हातारी पाठ फिरवून बसायची. मग बोलणंच संपलं.

आणि आता ते हात आपणहून बोलत होते. बोटं गळ्यापाशी घुटमळली, तळवा दंडावरून कोपरापर्यंत घसरत आला, मग दोन बोटांनी कपाळावर हलकेच टकटक केली. मध्येच हात थांबले. चेहरा किंचित कलला, समोरून कुणीतरी उत्तर देत असावं तसा. म्हातारी झोपेतच हसली, आणि हात पुन्हा सुरू झाले.

कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला होता. पडद्यावर ते हात अगदी लहान दिसत होते. अनिमाला एकदम चोरट्यासारखं झालं. दोघी जिवाभावाचं बोलत बसल्या आहेत आणि आपण खिडकीतून डोकावतोय, असं काहीतरी. तिने दिवा विझवला, टिपलं गेलं होतं तेवढंही पुसून टाकलं आणि बाकापाशी जमिनीवर बसून नुसती बघत राहिली. हात पुन्हा पुन्हा त्याच जागांवरून फिरत होते. बघता बघता तिचीही बोटं मांडीवर हलू लागली. किती वेळ गेला, तिला सांगता आलं नसतं.

जाग आल्यावर असाबेआने आधी अंगणभर नजर फिरवली, कुणाला तरी शोधावं तशी. मग अनिमाकडे पाहिलं.

"ओफोरीवा आली होती," तिचे हात म्हणाले. "रोज येते. पण उठलं की काय बोललो ते सगळं पुसून जातं. आज तू पकडलंस ना त्या डब्यात?"

अनिमाचा चेहरा उतरला. "नाही, आजी. मी बंद केला तो. तुमचं दोघींचं बोलणं..."

"बंद केलास?" म्हातारीचे हात ताडकन उठले. "इतके दिवस माझा जीव खाल्लास, आणि नेमकी आज लाज आठवली तुला? शहाणीच आहेस!"

तिने मान फिरवली. डोळे भरून आले होते. अनिमा उठली, वळसा घालून तिच्या पुढ्यात उभी राहिली आणि हात वर केले. गळा. दंड. कपाळ.

म्हातारी बघतच राहिली. मग तिचं सगळं अंग हसण्याने हलू लागलं. "तुझा हात बोबडा आहे," ती म्हणाली. तिने अनिमाचं मनगट धरून वर नेलं. "खांद्यावरून आण. दंडावरून केलं की शिवी होते."

"तुम्ही दंडावरूनच केलंत, आजी. मी पाहिलं ना."

असाबेआ क्षणभर विचारात पडली. "मग मी तिला शिवीच दिली असणार. लहानपणापासून आगाऊच आहे ती."

अनिमाने पुन्हा केलं. यावेळी दंडावरून, अगदी ठसक्यात. असाबेआचं हसू मावळलं. ती अनिमाच्या तोंडाकडे बघत नव्हती, फक्त हातांकडे. मग तिचे स्वतःचे हात उठले आणि भराभर बोलू लागले. ती गावची बोली नव्हती. एकदम ते थांबले, उत्तराची वाट बघत.

अनिमाला उत्तर ठाऊक नव्हतं. तिने शेवटची खूण तेवढी जशीच्या तशी परत केली. म्हातारीला ते पुरलं. ती पुढे सांगू लागली.

मागच्या चुलीपाशी कंद कांडत असलेली सून, दान्सोआ, हात पुसत बाहेर आली आणि थबकली.

"अगं बाई, कॅमेरा बंद आहे तुझा! काय म्हणतायत सासूबाई?"

"काही कळत नाही, वहिनी," अनिमा त्या हातांवरची नजर न काढता म्हणाली. "जरा ऐकू द्या."