घाटाकडचा बोळ

“आमची वाट गिळलीत तुम्ही!” हौसाक्का ताडकन उठली. जनसुनावणीच्या मांडवात नव्या स्थानकाचा काचेतला नमुना झगमगत होता. बस, रेल्वे, रिक्षा, सगळं एका छताखाली; फक्त बुरूड गल्लीतून नदीकडे जाणारा बोळ त्यात कुठं दिसत नव्हता.

“आजी, उलट तुम्हाला शहराशी जोडतोय,” साहेब गोड हसले. “सरकता जिना आहे, लिफ्ट आहे. पाय झिजवायला नकोत.” मांडव खिदळला.

हौसाक्काला बसवेना, निघवेना. घरी नवऱ्याच्या घशाखाली कालपासून पाणी उतरत नव्हतं. जीव तिकडे, पाय इथं.

“साहेब, आमचं माणूस गेलं की याच बोळातून घाटावर नेतो. मधल्या विसाव्याच्या दगडावर तिरडी टेकवतो, खांदेकरी बदलतो. आजवर एकालाही गाडीत घातलं नाही. तिथं तुम्ही काय काढलंय?”

“वाहनतळ,” साहेब पुटपुटले. “पण शववाहिका मिळेल की, बायपासनं.”

“माझा म्हातारा दोन दिवसांचा सोबती आहे. खांद्यावरनंच ने म्हणालाय. तुमच्या लिफ्टात आडवा माणूस मावतो का? मान खाली घालू नका, सांगा!”